व्हर्च्युअल मेमरी म्हणजे ‘वाढीव रॅम’ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नवा मोबाइल घेताना काय पाहावे, यावर पानभर मजकूर आला आहे. बॅटरी, कॅमेरा आणि स्क्रीनविषयीची माहिती चांगली आहे. मात्र त्याच पानावरच्या चौकटीत ‘रॅम कमी पडली की स्टोरेजचा थोडा भाग रॅम म्हणून वापरणे म्हणजे व्हर्च्युअल मेमरी’ असे एका वाक्यात सांगून टाकले आहे, आणि खालच्याच जाहिरातीत ‘८ अधिक ८ जीबी’ ठळक अक्षरांत झळकते आहे. वाचणाऱ्याला वाटेल की व्हर्च्युअल मेमरी ही जादा पैसे मोजून मिळणारी, हवी तेव्हा चालू-बंद करायची सोय आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवते. वर्गात येणारी मुले दरवर्षी हीच व्याख्या घेऊन येतात. गाइडात ती असते, उत्तरपत्रिकेत ती उतरते आणि तिला गुणही मिळतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टोरेजचा रॅमसारखा वापर ही व्हर्च्युअल मेमरीला जोडून आलेली एक सोय आहे, तिचा गाभा नव्हे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर स्वॅप, म्हणजे रॅमच्या मदतीला राखलेली स्टोरेजमधली जागा, बंद करायला एक आज्ञा पुरते. ती दिली की प्रोग्रॅमचा डेटा रॅममधून उचलून स्वॅपवर ठेवणे थांबते. व्हर्च्युअल मेमरी मात्र जशीच्या तशी चालू राहते. प्रत्येक प्रोग्रॅमने मागितलेला प्रत्येक पत्ता, म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक, आधी पेज टेबल नावाच्या तक्त्याच्या आधाराने बदलला जातो आणि मगच रॅमपर्यंत पोचतो. हे बंद करण्याचे बटण तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये नाही आणि नसावेच. अँड्रॉइड फोनमध्ये तर रॅम कमी पडू लागली की बराच वेळ न लागलेली पेजेस, म्हणजे मेमरीचे तुकडे, रॅममध्येच दाबून, लहान करून ठेवण्याची पद्धत आहे. तिला झेडरॅम म्हणतात. तीच पेजेस फ्लॅश स्टोरेजवर टाकायची, तर रॅमच्या मानाने ते काम फार सावकाश होते आणि फ्लॅशवर किती वेळा लिहिता येते यालाही मर्यादा असते. जाहिरातीतले दुसरे ८ जीबी पहिल्या ८ जीबीसारखे नाहीत, एवढे तरी पुरवणीने ग्राहकाला सांगायला हवे होते.

मग पत्ता बदलतो म्हणजे नेमके काय होते? सातवीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे. मेमरी सारख्या आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते. नेहमीचा आकार ४,०९६ बाइट. प्रोग्रॅमच्या बाजूच्या तुकड्याला पेज म्हणतात आणि रॅममधल्या तेवढ्याच जागेला फ्रेम. समजा, प्रोग्रॅमने २०,००० हा पत्ता मागितला. २०,००० ला ४,०९६ ने भागा. भागाकार ४, बाकी ३,६१६. म्हणजे हवी असलेली बाइट ४ क्रमांकाच्या पेजमध्ये, पेजच्या सुरुवातीपासून ३,६१६ बाइट पुढे आहे. आता त्या प्रोग्रॅमच्या पेज टेबलात ४ क्रमांकाची नोंद काढायची. तिथे ९ लिहिले असेल तर हे पेज रॅमच्या ९ क्रमांकाच्या फ्रेममध्ये बसले आहे. ९ गुणिले ४,०९६ म्हणजे ३६,८६४. त्यात मघाची बाकी ३,६१६ मिळवा. ४०,४८० हा रॅममधला खरा पत्ता, म्हणजे फिजिकल ॲड्रेस.

भागाकाराच्या जागी दुसरा आकडा आला, बाकी तशीच राहिली. ती तशीच का राहते, तर पेज आणि फ्रेम एकाच मापाचे असतात म्हणून. प्रोसेसर खरा भागाकार करत बसत नाही. ४,०९६ हा २ चा १२ वा घात आहे, त्यामुळे पत्त्याचे शेवटचे १२ बिट तोडले की बाकी हातात येते आणि उरतो तो पेज क्रमांक. पेजचा आकार २ च्या घातातच का असतो, याचे उत्तर इथे आहे. हे गणित फळ्यावर एकदा पुरे केले की शेवटच्या बाकावरचे मूलही मान वर करते, असा माझा अनुभव आहे.

महत्त्वाचे हे की पेज टेबल प्रत्येक प्रोग्रॅमचे वेगळे असते. शाळेत प्रत्येक वर्गात रोल नंबर १२ असतो. सातवी अ मधला १२ वेगळा, आठवी ब मधला वेगळा. वर्गाच्या हजेरीपटात पाहिले की तो मुलगा कोण आणि त्याचा जनरल रजिस्टर क्रमांक काय ते कळते, आणि तो क्रमांक शाळेत एकाचाच असतो. बारा नंबर म्हणून हाक मारणाऱ्या शिक्षकाला दुसऱ्या वर्गात कोण बसले आहे हे माहीत असण्याची गरज नसते, आणि या वर्गाच्या हजेरीपटावरून त्या वर्गातल्या मुलाला हाक मारताही येत नाही. व्हर्च्युअल मेमरीची खरी कमाई ती हीच. तुमचे बँकेचे ॲप आणि त्याच फोनमधला कुठला तरी खेळ, दोघेही २०,००० हा पत्ता खुशाल वापरतात आणि एकमेकांच्या मेमरीला त्यांचा हात लागत नाही.

मुलांना हे नुसते सांगून पटत नाही, दाखवावे लागते. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी सी भाषेतला अगदी छोटा प्रोग्रॅम लिहून घेते. एका व्हेरिएबलमध्ये ५ ठेवायचे, मग फोर्क करून प्रोग्रॅमची दुसरी प्रत चालू करायची. प्रतीने त्या व्हेरिएबलमध्ये ७ भरायचे, मुळाने हात लावायचा नाही. शेवटी दोघांनीही व्हेरिएबलचा पत्ता आणि त्यातली किंमत छापायची. स्क्रीनवर दोन ओळी येतात. दोन्हींत पत्ता अगदी अक्षरशः सारखा, सात-एफ-एफने सुरू होणारा तो लांबलचक आकडा. पण एकीत ५ आणि दुसरीत ७. ‘मॅडम, एकाच जागी दोन आकडे कसे?’ हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. तो प्रश्न आला की निम्मा धडा शिकवून झालेला असतो, कारण पत्ता एक आणि जागा दोन, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

पुढची गोष्ट तर त्याहून सुंदर आहे. फोर्क झाल्या झाल्या मेमरीची नक्कल केलेली नसतेच. दोन्ही पेज टेबले त्याच फ्रेमकडे बोट दाखवतात, फक्त लिहिण्याची परवानगी दोघांचीही काढून घेतलेली असते. प्रतीने ७ लिहायला घेतले की प्रोसेसर अडतो आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, बोलावतो. कर्नल तेवढ्या एका पेजची, ४,०९६ बाइटची नक्कल नव्या फ्रेममध्ये करतो, प्रतीच्या टेबलातली एक नोंद बदलतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवायला सांगतो. प्रोग्रॅमला यातले काहीच कळत नाही. या सगळ्यात डिस्क, म्हणजे स्टोरेज, कुठे आली? कुठेही नाही.

मग डिस्कची ती व्याख्या आली कुठून? तिला खरा इतिहास आहे, हे मान्य करायला हवे. १९५० च्या दशकात मुख्य मेमरी अतिशय महाग होती. प्रोग्रॅम तिच्यात मावत नसे, तेव्हा त्याचे तुकडे पाडून ते चुंबकीय ड्रमवरून आणणे-ठेवणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच गळ्यात असे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने फेरांती कंपनीबरोबर ॲटलस हा संगणक बांधला आणि ही कटकट यंत्रावर सोपवली. डिसेंबर १९६२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मुख्य मेमरी १६,३८४ शब्दांची (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढ्या बिटांचा गट), ड्रमवर त्याच्या सहापट जागा, पेज ५१२ शब्दांचे. १६,३८४ ला ५१२ ने भागले की ३२ येतात. म्हणून ॲटलसमध्ये ३२ रजिस्टर, म्हणजे यंत्रातल्याच छोट्या नोंदीच्या जागा, होते, प्रत्येक फ्रेमचा एक, आणि आपल्या फ्रेममध्ये सध्या कोणते पेज आहे ते त्यात लिहिलेले असे. पत्ता आला की ३२ जणांना एकाच वेळी विचारले जाई. कोणाचीच ‘हो’ आली नाही की ते पेज ड्रमवरून आणले जाई. डिस्कची व्याख्या या काळातली आहे. त्या काळी ती रास्तच होती.

त्याच १९६२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या भारतीय बनावटीच्या संगणकाला पंडित नेहरूंनी ‘टिफरॅक’ हे नाव दिले. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर १०,२४० बाइट होतात, म्हणजे आजच्या हिशेबाने अडीच पेजेस. त्यावर काम करणारा जो पत्ता लिही तोच मेमरीतला खरा पत्ता. अडीच पेजेसवर आपल्या शास्त्रज्ञांनी गणिते सोडवली, याचा मला फार अभिमान वाटतो आणि वर्गात ते मी आवर्जून सांगते.

ॲटलसनंतर मेमरी स्वस्त होत गेली आणि पेज टेबलाकडे दुसरे काम आले, रखवालीचे. आजच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरमध्ये टेबलातली एक नोंद ६४ बिटांची असते. त्यात फ्रेम क्रमांक तर असतोच, शिवाय एकेका बिटाच्या खुणा असतात: नोंद चालू आहे का, लिहायला परवानगी आहे का, साध्या प्रोग्रॅमला प्रवेश आहे की फक्त कर्नलला, इथला मजकूर सूचना म्हणून चालवता येईल का. यातली एकही अट मोडली की पेज फॉल्ट. ज्या पत्त्यावर काम अडले तो पत्ता प्रोसेसर सीआर२ नावाच्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि पुढचा निर्णय कर्नलवर सोपवतो.

पॉइंटर, म्हणजे पत्ता साठवणारे व्हेरिएबल, शिकणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी धास्ती म्हणजे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’. पॉइंटरमध्ये शून्य राहिले, त्या जागी लिहायला गेले आणि प्रोग्रॅम पटकन बंद पडला. मुले हिरमुसतात, काहींना वाटते संगणकच बिघडला. मी त्यांच्याजवळ बसते आणि वर दिलेले गणित तसेच करायला लावते. शून्याला ४,०९६ ने भागा: पेज ०, बाकी ०. टेबलात ० क्रमांकाची नोंद पाहा: ती मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. म्हणून प्रोसेसर थांबला, म्हणून कर्नलने प्रोग्रॅम बंद केला, आणि म्हणूनच तुझी चूक तुझ्या प्रोग्रॅमच्या बाहेर गेली नाही. असे करून दाखवले की तो संदेश मुलांना शत्रू वाटत नाही.

टेबलाच्या आकाराचा प्रश्नही गाइडात नसतो, आणि मला तो सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. पत्ता ३२ बिटांचा असेल तर पेजेस होतात १० लाखांहून थोडी अधिक, आणि प्रत्येकाची नोंद ४ बाइटची धरली तर एका प्रोग्रॅमचे टेबल ४ एमबीचे. इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर १९८५ मध्ये आला तेव्हा अनेक वैयक्तिक संगणकांत एकूण मेमरीही तेवढी नसे. म्हणून टेबलाचेच तुकडे केले: पत्त्याचे पहिले १० बिट वरच्या टेबलासाठी, पुढचे १० खालच्या टेबलासाठी आणि १२ बाकीसाठी. जो भाग प्रोग्रॅम वापरतच नाही त्याचे खालचे टेबल बनवायचेच नाही. आज ६४ बिटांच्या यंत्रावर सहसा पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात. सपाट एकच टेबल करायचे तर एकेका प्रोग्रॅमला ५१२ जीबी नुसत्या टेबलाला लागतील. म्हणून ९, ९, ९, ९ आणि १२ अशी वाटणी करून चार पायऱ्या केल्या आहेत. ९ बिटांनी ५१२ नोंदी मोजता येतात, नोंद ८ बाइटची, गुणाकार ४,०९६. म्हणजे टेबलाचा प्रत्येक तुकडा नेमका एका पेजमध्ये मावतो. हा गुणाकार फळ्यावर जुळतो तेव्हा मला आजही आनंद होतो.

चार पायऱ्या म्हणजे एक बाइट वाचण्याआधी मेमरीत चार फेऱ्या. दरवेळी तसे करायचे तर संगणक रांगेल. त्यामुळे नुकतेच काढलेले उत्तर प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. त्यात ६४ नोंदी असतील तर ४ केबीच्या पेजेसनी २५६ केबी मेमरी झाकली जाते. पेज १६ केबीचे केले तर त्याच ६४ नोंदींत १ एमबी. मोबाइलच्या पुरवणीत शोभली असती अशी बातमी खरे तर ही आहे. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून १६ केबीच्या पेजेसची सोय आली आहे. यात मेमरी थोडी वाया जाते, कारण शेवटचे पेज अर्धवट भरलेले राहते. पण पत्ता शोधण्याचा खर्च कमी होतो. ग्राहकाला याचा फायदा त्या ‘अधिक ८’ पेक्षा नक्की जास्त.

आणि टेबलातला एक बिट किती महत्त्वाचा असतो, हे जगाने जानेवारी २०१८ मध्ये पाहिले. ‘मेल्टडाउन’ ही त्रुटी तेव्हा उघड झाली. तोवर वेग मिळावा म्हणून कर्नलची मेमरीही प्रत्येक प्रोग्रॅमच्या टेबलात नोंदलेली असे, फक्त ‘साध्या प्रोग्रॅमला प्रवेश नाही’ या एका बिटाच्या पहाऱ्यात. अनेक प्रोसेसर पुढचे काम आधीच उरकण्याच्या घाईत हा बिट तपासून होण्यापूर्वीच तिथला मजकूर वाचत आणि त्याचा माग कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान साठ्यात, राहून जाई. चतुर प्रोग्रॅमला त्या मागावरून कर्नलमधली गुपिते काढता येत. उपाय पेज टेबलातच सापडला: साधा प्रोग्रॅम चालू असताना कर्नलच्या जवळजवळ सर्व नोंदी नसलेले वेगळेच टेबल वापरायचे आणि कर्नलमध्ये शिरताना टेबल बदलायचे. त्याने काही कामे मंदावली, तरी जगभर तो उपाय स्वीकारला गेला. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांतही ही बातमी होती, पण पेज टेबल हा शब्द वाचल्याचे मला आठवत नाही.

आता परीक्षेविषयी. ‘पेजिंग आकृतीसह स्पष्ट करा’ हा ठरलेला प्रश्न. मुले पट्टी-पेन्सिलने सुरेख आकृती काढतात: सीपीयूची चौकट, तिच्यातून निघालेले पी (पेज क्रमांक) आणि डी (बाकी), मधे टेबल, पलीकडे एफ (फ्रेम क्रमांक) आणि डी, शेवटी मेमरी. बाण बिनचूक असतात. तोंडी परीक्षेत त्याच आकृतीवर बोट ठेवून ‘पत्ता २०,००० आहे, पी किती?’ असे विचारले की शांतता. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी आकडा दिलेलाच नसतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आकृतीचे गुण निम्मे करा आणि एक पत्ता, पेजचा आकार व चार नोंदींचे टेबल देऊन उत्तर काढायला सांगा. एखादी नोंद रिकामी ठेवा. आज आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हा रिस्क-व्ही आराखड्यावरचा प्रोसेसर आपल्या देशात घडतो आहे. रिस्क-व्हीमधल्या एका योजनेत ३९ बिटांचा पत्ता ९, ९, ९ आणि १२ असा तोडतात. ज्याने एकदा हाताने दोन पायऱ्या उतरून पाहिल्या त्याला या तीन अवघड नाहीत, आणि अशा कामासाठी आपल्याकडची मुले लागणार आहेत.

आपल्याला विनंती एवढीच की चौकटीतली ती व्याख्या पुढच्या अंकात दुरुस्त करावी, आणि जागा असल्यास सोबतचे गणित वाचकांसाठी द्यावे. पेज ४,०९६ बाइटचे आहे. ‘क’ आणि ‘ख’ हे दोन प्रोग्रॅम चालू आहेत आणि दोघांनीही ३०,००० हाच पत्ता मागितला आहे. ‘क’च्या टेबलात ७ क्रमांकाच्या पेजसमोर फ्रेम ३ लिहिले आहे, ‘ख’च्या टेबलात ७ क्रमांकाची नोंद रिकामी आहे. ‘क’ला रॅममधला कोणता पत्ता मिळेल, आणि ‘ख’चे काय होईल? उत्तर पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला मी आनंदाने तयार आहे.

आपली,
संगणक अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका, सांगली